रिंगमधली बेवारस फ्रेम

जबलपुरात रेल्वे किंवा दूरसंचार खात्यात नोकरी केलेली मराठी घरं कमी नाहीत. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथेच आहे आणि 1942 पासूनची दूरसंचार प्रशिक्षण संस्थाही. आज ती बाबासाहेबांच्या नावाने ओळखली जाते. देशभर रुळांच्या कडेने फायबर टाकून ते वापरायला 2000 साली रेलटेल ही कंपनी स्थापन झाली, त्यामुळे मदन महल स्टेशनाच्या परिसरात ‘फायबर रिंग’ हा शब्द कुणाला नवा नाही. तरी रिंगमध्ये भरकटलेल्या डेटाचं काय होतं, याबद्दलच्या समजुती अजून चुकीच्याच आहेत. त्या तपासायला एफडीडीआय ही जुनी दुहेरी रिंग सर्वांत चांगली. तिचं मानक 1980 च्या दशकातलं, वेग सेकंदाला 100 मेगाबिट. आज ती वापरातून गेली आहे, पण हा प्रश्न तिच्याइतका उघड दुसरीकडे क्वचितच दिसतो.

गैरसमज: ज्याला पाठवली त्याला मिळाली की फ्रेम संपली.

नाही. फ्रेम म्हणजे डेटाचं एक पाकीट. घेणारा नोड, म्हणजे रिंगवरचं यंत्र, फक्त तिची प्रत काढून घेतो. मूळ फ्रेम पुढे जाते आणि पूर्ण फेरी मारून पाठवणाऱ्याकडे परतते. ती उचलून टाकणं हे त्याचंच काम. आता समजा, फ्रेम वाटेत असतानाच पाठवणारा नोड बंद पडला, किंवा तिच्यातला प्रेषकाचा पत्ताच बिघडला. मग तिला आपली म्हणणारं कुणी उरत नाही. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. नोडमधला विलंब सोडला, तर 10 किलोमीटरच्या रिंगवर अशी छोटी फ्रेम सेकंदाला 20,000 फेऱ्या मारू शकते. प्रत्येक फेरीत घेणारा नोड तिची नवी प्रत काढतो आणि एकाच निरोपाच्या ओझ्याखाली दबून जातो. मला यातला सर्वांत गंभीर भाग हाच वाटतो: तार तुटलेली नाही, दिवे हिरवे आहेत, आणि तरीही नेटवर्क रखडलंय.

गैरसमज: ती थोड्या वेळाने आपोआप विरते.

एफडीडीआयच्या फ्रेमला वयोमर्यादाच नाही. टोकन, म्हणजे पाठवण्याची पाळी, मिळालेला नोड स्वतःचा डेटा पाठवत असताना आलेलं काही पुढे सोडत नाही, त्यामुळे बेवारस फ्रेम त्याच्याशी गाठ पडली तरच संपते. म्हणजे गर्दीच्या रिंगमध्ये ती लवकर जाते आणि रिकाम्या रिंगमध्ये जास्त काळ फिरते. नेमकं उलट वाटतं ना? जुन्या टोकन रिंगमध्ये यासाठी एक देखरेख करणारा नोड असे. तो फ्रेमवर खूण करी आणि तीच खूण पुन्हा दिसली की फ्रेम काढून टाकी. एफडीडीआयच्या मूळ मानकात असा राखणदार ठेवलेला नाही. म्हणून डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या हेन्री यांग आणि के. के. रामकृष्णन यांनी ‘रिंग पर्जर’ सुचवला. एक नोड टोकन आलं की दोन रिकाम्या फ्रेम सोडतो आणि त्या परत येईपर्यंत समोर येईल ते सगळं काढून टाकतो.

गैरसमज: दुसरी रिंग आहे म्हणजे डेटा भरकटणारच नाही.

दुसरी रिंग असते ती केबल तुटली तर. तेव्हा तुटीच्या दोन्ही बाजूंचे नोड वळण घेतात आणि दोन रिंगांची मिळून एकच लांब रिंग होते. पण भरकटण्याचा धोका नेमका याच जोडतोडीच्या वेळी असतो, कारण रिंगचा आकार बदलतो आणि फ्रेमचा मालक बाहेर राहू शकतो. त्यासाठी मानकातच ‘स्क्रबिंग’ आहे: जोडणी बदलताना रिंगवरचा जुना डेटा धुऊन काढायचा.

पुढच्या पिढीने धडा घेतला. 2004 च्या आरपीआर या रिंगच्या मानकात प्रत्येक फ्रेमवर आयुष्याचा आकडा असतो. तो प्रत्येक नोडपाशी एकाने घटतो आणि शून्य झाला की फ्रेम टाकून दिली जाते. साध्या इथरनेट फ्रेमवर मात्र असा आकडा आजही नाही. म्हणून इथरनेटच्या रिंगमध्ये एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात आणि दुसरीकडे तूट झाली तरच उघडतात. तो बंद दिसला म्हणून ‘बिघाड’ समजून कुणी हाताने सुरू केला, तर सगळ्या रिंगमध्ये काही क्षणांत तोच तो डेटा घुमू लागतो.