आधी अंगठा, मग ॲप

अचलपूर-परतवाडा भागातला आंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतो. बगिचा झाडावरच व्यापाऱ्याला विकण्याऐवजी पेटीबंद फळ थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवायचं ठरवलेला तरुण बागायतदार सहसा आधी विचारतो, ‘ॲप बनवायला किती खर्च येईल?’ खरं तर त्याआधी विचारायला हवं की, गिऱ्हाईक फोन धरतं कसं आणि त्याला नेटवर्क मिळतं किती?

स्टीव्हन हूबर या संशोधकानं २०१३ साली रस्त्यांवर, बसथांब्यांवर फोन वापरणाऱ्या लोकांचं निरीक्षण केलं. पडद्याला बोट लावणाऱ्यांपैकी सुमारे ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून अंगठ्यानं चालवत होते. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथं लागू पडतो: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथं बोट पोचायला वेळ जास्त. म्हणून ‘पेटी मागवा’ हे बटण पडद्याच्या खालच्या भागात, अंगठ्याच्या टप्प्यात हवं आणि निदान ९ मिलिमीटरचं तरी हवं.

दुसरी अडचण वेगाची. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना सातपुड्याचे डोंगर आडवे येतात आणि फोनचा सिग्नल क्षीण होतो. शहरातही गर्दीच्या वेळी वेग घसरतोच. सेकंदाला १ मेगाबिट इतकाच वेग मिळाला, तर फोनवर काढलेला ३ मेगाबाइटचा एक फोटो उतरायला २४ सेकंद लागतात. तोच १०० किलोबाइटवर आणला, तर एका सेकंदाच्या आत दिसतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या मते, दहा सेकंदांनंतर माणसाचं लक्ष उडतं. म्हणजे आकार न घटवलेला फोटो गिऱ्हाईक घालवतो.

मराठीत लिहिलं तर पान जड होईल, ही भीती मात्र व्यर्थ आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साधारण ३ बाइट जागा घेतं, तर रोमन अक्षर १ बाइट. तरीही हजार चिन्हांचा मजकूर ३ किलोबाइटच होतो, त्या एका मोठ्या फोटोचा हजारावा भाग! तेव्हा फळाचा आकार, तोडणीची तारीख, पोचण्याचे दिवस हे सगळं मराठीत मोकळेपणानं लिहावं.

मग ॲपचं काय? मिंत्रानं मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून फक्त ॲपवर विक्री ठेवली होती. जून २०१६ मध्ये संगणकावरचं संकेतस्थळ पुन्हा उघडावं लागलं. रोज कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर संत्रा वर्षातून दोनच बहारांत मिळतो. उरलेले महिने रिकामं बसणारं ॲप कोणी फोनवर कशाला ठेवेल? हलकं संकेतस्थळ, व्हॉट्सॲपची जोड आणि यूपीआयनं पैसे एवढ्यावर पहिला हंगाम नीट निघतो.

पान तयार झालं की, स्वस्तातला जुना फोन घेऊन भर दुपारी बगिच्यात उभं राहावं आणि एका अंगठ्यानं स्वतःच एक पेटी मागवून पाहावी. उन्हात अक्षरं दिसली, फोटो उतरला आणि पैसे पोचले, तरच ते पान गिऱ्हाइकासमोर ठेवावं.