विजयदुर्गाची हिरवी रेघ

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलेल्या माणसाला एक जागा हमखास दाखवली जाते, साहेबाचे कट्टे. या चौथऱ्यांवर दुर्बीण रोवून नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियम शोधला, असं सांगतात. अलीकडे त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

कोकणातल्या माणसाला इथे पहिली शंका पावसाची यायला हवी. ती श्रावणी अमावास्या होती. समुद्र उधाणलेला, आभाळ गच्च. त्या दिवशी जमखंडीला दुर्बीण लावून बसलेल्या लेफ्टनंट जॉन हर्शेललासुद्धा ढगांनी छळलं, आणि जमखंडी तर घाटापलीकडे आहे. स्वच्छ आकाश लाभलं ते गुंटूरला, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेनला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला त्याला इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण सुटल्यावरही त्या पाहता येतील हे त्याच्या ध्यानात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्याही. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे हेच साधलं. त्या ज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमची नव्हे, एका अनोळखी मूलद्रव्याची आहे, हा निष्कर्षही पुढे तिकडेच निघाला.

म्हणजे विजयदुर्गाचा दावा खोटा? हेलियमचा दावा टिकत नाही. पण साहेब आला होता, हे पूर्ण खरं आहे. तो आला तीस वर्षांनी, आणि ती हकीकत हेलियमच्या कथेपेक्षा कितीतरी मोठी आहे.

लॉकियरला ग्रहणांनी फार हुलकावण्या दिल्या होत्या. १८७०मध्ये सिसिलीला जाताना त्याचं जहाज खडकावर चढलं आणि ढगांच्या फटीतून सूर्याभोवतीचं प्रभामंडल दिसलं ते जेमतेम दीड सेकंद. १८७१मध्ये बेकलच्या किल्ल्यावर नशीब उघडलं. पण १८९६मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला पुन्हा ढगच वाट्याला आले. असा हा साठी उलटलेला माणूस १८९८च्या जानेवारीत ‘मेलपोमीनी’ या युद्धनौकेच्या मदतीने विजयदुर्गाला आला. सोबत मुलगा विल्यम आणि आल्फ्रेड फाउलर हा वर्णपटांचा जाणकार. गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं; सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१मध्ये.

लॉकियरची पद्धत विलक्षण होती. त्याने नौकेवरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांनाच निरीक्षक बनवलं. कोणी प्रभामंडलाचं चित्र काढायचं, कोणी तारे टिपायचे, कोणी भोवतालच्या रंगांवर नजर ठेवायची. चित्रकारांचे डोळे आधीच अंधाराला सरावलेले असावेत म्हणून उजेड टाळण्याची तालीम. हातात वेळ होता जेमतेम दोन मिनिटं. ग्रहणाचं वेड ज्यांना लागतं त्यांना या तालमीचं मोल कळतं, कारण अंधार पडला की भलाभला माणूस नुसता बघत राहतो आणि हातातलं काम विसरतो.

२२ जानेवारी, शनिवार, शके १८१९ची पौष अमावास्या. कोकणातला निरभ्र हिवाळा. सावली अरबी समुद्रावरून आली, विजयदुर्ग ओलांडून ईशान्येला धावली. करमाळ्याजवळ जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता. तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतःची उपकरणं लावून बसले होते. पुढे पुलगाव, तळणी. वऱ्हाडापर्यंत ठिकठिकाणी दुर्बिणींची तोंडं एकाच दिशेला वळलेली. आणि मुंबई-पुण्यावर प्लेगचं सावट.

‘ओरायन’ हा खगोलगणितावर आधारलेला ग्रंथ लिहिणारे, रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्या दुपारी तुरुंगात होते. राजद्रोहाच्या शिक्षेची मुदत अजून चालू होती. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन दोनच वर्षं झाली होती आणि आयुष्याचे तीन महिने उरले होते. आकाशाचं गणित जाणणाऱ्या या दोन कोकणी माणसांच्या जन्मजिल्ह्यावरून चंद्राची सावली गेली आणि किल्ल्यावर कॅमेरे मात्र परक्यांचे होते, ही गोष्ट मनाला लागते.

त्या कॅमेऱ्यांत काय सापडलं? प्रभामंडलाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा असते. १८६९पासून ती माहीत होती आणि लोखंडाच्या ५३१७ अँगस्ट्रॉम या नेहमीच्या रेषेशी तिची सांगड घातली गेली होती. तीस वर्षं तेच पाठ झालं. विजयदुर्गाच्या छायाचित्रांच्या काचांवर मोजमाप झालं तेव्हा ती रेषा ५३०३च्या आसपास निघाली. जेऊरला कॅम्पबेललाही तेच आढळलं. लोखंडाशी जुळवलेली जोडी मोडली. पृथ्वीवर या जागी रेषा देणारं काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ‘कोरोनियम’ या कल्पित मूलद्रव्याला बळ मिळालं. हेलियम आधी सूर्यावर दिसून मग १८९५मध्ये रॅमझे या शास्त्रज्ञाला पृथ्वीवर सापडला होता, तेव्हा ही आशा अगदीच भाबडी नव्हती.

कोडं सुटायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. जर्मनीच्या ग्रोट्रियानने वाट दाखवली आणि स्वीडनच्या बेंग्ट एडलेनने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की ही हिरवी रेषा अखेर लोखंडाचीच आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन झडायला दहा लाख अंशांच्या घरातलं तापमान लागतं, आणि खाली सूर्याचा पृष्ठभाग सहा हजारांच्या आतबाहेर. वरचं आवरण खालच्यापेक्षा इतकं तापतं कसं, यावर आजही खल चालू आहे. भारताच्या ‘आदित्य एल-१’ यानाने २०२३मध्ये जी उपकरणं नेली, त्यांतलं एक याच ५३०३च्या हिरव्या रेषेवर नजर ठेवण्यासाठी आहे.