चोवीस तासांपुढचे तास जातात कुठे?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी म्हणजे धानाचा आणि मिरचीचा मुलूख. समजा, इथली एक मुलगी वडिलांच्या मोटरपंपाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते आहे. पहिल्या रात्री मोटर चालली 7 तास 45 मिनिटं, दुसऱ्या रात्री 8 तास 20, तिसऱ्या रात्री 7 तास 50. बेरीज 23:55. चौथ्या रात्री 8 तास 10 मिनिटांची भर पडली आणि सेलमध्ये उमटलं 8:05. पाणी वाढलं, बेरीज मात्र घटली!

गंमत अशी की एक्सेलचं गणित अजिबात चुकलेलं नाही. त्या सेलच्या पोटात 1.3368 हा आकडा शाबूत आहे. एक्सेलला तास-मिनिटं कळतच नाहीत, कळतो तो फक्त दिवस. एक दिवस म्हणजे 1. दुपारचे बारा म्हणजे 0.5. एक तास म्हणजे 1 भागिले 24 आणि एक मिनिट म्हणजे 1 भागिले 1440. तारीखसुद्धा दिवसांची मोजणीच आहे. 1 जानेवारी 1900 हा दिवस पहिला. गोंदिया जिल्हा झाला तो 1 मे 1999 हा दिवस त्या मोजणीत 36281 वा.

मग 8:05 का दिसलं? आपण त्या सेलला घड्याळाचा चेहरा दिला म्हणून. घड्याळ पूर्ण झालेले फेरे सांगत नाही. 'किती वाजले' आणि 'किती वेळ लागला' हे मराठीत दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण पहिल्याचा साचा दुसऱ्याला लावला. उपाय दोन कंसांचा आहे. फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम निवडायचं आणि तासाचं इंग्रजी अक्षर एच चौकटी कंसात टाकायचं. पुढे कोलन आणि दोनदा एम. कंस म्हणतो, चोवीसला थांबू नकोस. लगेच उमटतं 32:05.

दिवस दाखवताना फसगत आणखी मजेदार होते. 20 जूनला धानाचे पऱ्हे टाकले, 2 नोव्हेंबरला कापणी झाली. वजाबाकी 135 दिवस. त्या सेलला दिवसाचं अक्षर डी लावलं, तर दिसतं 14! कारण एक्सेल 135 ला तारीख समजतं, आणि त्याच्या मोजणीतला 135 वा दिवस आहे 14 मे 1900. डी हे अक्षर महिन्यातली तारीख सांगतं, झालेले दिवस नाही. म्हणून महिनाभराहून मोठ्या अवधीत पूर्ण दिवस इंट या फंक्शनने वेगळे काढायचे आणि उरलेल्या अपूर्णांकालाच तास-मिनिटांचा साचा लावायचा.

ही युक्ती आपल्याकडे संगणकाच्या फार आधीपासून आहे. ठरलेल्या आरंभापासून लोटलेल्या दिवसांना आपले ज्योतिषी 'अहर्गण' म्हणत. दिवसाच्या घटी साठ, घटीची पळं साठ. म्हणजे तेही दिवसाचे भागच. अहर्गण वाढत गेला की गुणाकार-भागाकार जड होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442, म्हणजे 1520 च्या आरंभावर बेतलेल्या 'ग्रहलाघव' ग्रंथात अकरा वर्षांचं, 4016 दिवसांचं एक 'चक्र' बांधलं. पूर्ण चक्रं एकीकडे लिहायची, उरलेले दिवस दुसरीकडे. त्यामुळे आकडा लहान राहिला आणि एकही फेरा हरवला नाही. पिढ्यान् पिढ्या पंचांगकर्त्यांनी याच ग्रंथावर गणित केलं. पाचशे वर्षांपूर्वीचं ते चक्र आणि आजचं इंट फंक्शन एकच काम करतात, हे उमगलं की साधी एक्सेल शीटही वेगळी दिसू लागते.

तेव्हा मोटरचे तास लिहा, मजुरीचे लिहा किंवा प्रवासाचे, दोन गोष्टी पाळा. रात्र ओलांडणाऱ्या कामात वेळेबरोबर तारीखही नोंदवा. नाहीतर रात्री दहा ते सकाळी सहाची वजाबाकी उणे येते आणि सेल नुसत्या जाळीच्या खुणांनी भरतो. आणि बेरजेच्या सेलमध्ये एचला कंस घालायला विसरू नका. चार रात्रींच्या हिशेबात तेवढ्यानेच चोवीस तास जागेवर येतात.