आकाशातून तुकडा पडला, भरपाई कोण देणार?

२ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात आकाशातून धातूची भलीमोठी कडी पडली. ती चिनी रॉकेटची असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

खासगी कंपन्या आता पर्यटकही अंतराळात नेतात. त्यामुळे ‘कंपनीचे यान, कंपनीची जबाबदारी’ असा समज पसरला आहे. तो स्वाभाविक आहे, पण अपुरा. १९६७ च्या अंतराळ करारानुसार खासगी उड्डाणालाही देशाची परवानगी आणि देखरेख लागते. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई प्रक्षेपक राष्ट्र (यान सोडणारा, सोडवून घेणारा किंवा त्यासाठी जागा देणारा देश) देते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट नेणाऱ्या पिकअपने कोणाची भिंत पाडली, तर लोक आरसी बुकावरचे नाव विचारतात. मालकाने ड्रायव्हरकडून काय वसूल करायचे ते नंतर. देश आणि कंपनीचे नातेही साधारण असेच. फरक इतकाच, की रस्त्यावर चूक कोणाची हा वाद होतो. इथे चूक सिद्ध करावीच लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने पुढे तीस लाख कॅनेडियन डॉलर मोजले.

भारतात खासगी उड्डाणांना ‘इन-स्पेस’ ही सरकारी संस्था परवानगी देते. २०२३ चे अंतराळ धोरण आहे. स्वतंत्र कायदा मात्र अजून नाही. ही उणीव छोटी नाही, कारण दायित्व करार प्रक्षेपक राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही. भारतीय रॉकेटचा तुकडा निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत पडला, तर बागायतदाराला देशातल्याच कायद्याकडे दाद मागावी लागेल.