काउंटरच्या आतून: कानाच्या थेंबांचे किस्से

नाशिकमध्ये औषधांचा घाऊक बाजार म्हटलं की गोळे कॉलनी. तिथून दुकानात येणाऱ्या खोक्यांत कानातला मळ सुटा करणाऱ्या थेंबांच्या छोट्या बाटल्या हमखास असतात. कुणी रामकुंडात डुबकी मारून आलेला असतो, कुणी पोहण्याच्या तलावावरून, आणि तक्रार एकच: "भाऊ, कानाला दडे बसलेत." साठलेला मळ पाणी शोषून फुगतो आणि उरलीसुरली वाट बंद करतो. गिऱ्हाइकाला वाटतं, कानात पाणी अडकलंय.

पंचवटीतल्या एका मावशींनी दुसऱ्याच दिवशी बाटली काउंटरवर आपटली. "काल थोडं तरी ऐकू येत होतं, आज पार बंद!" औषध काम करू लागल्याचंच ते लक्षण होतं. या बाटल्यांवरचं नेहमीचं मिश्रण असं: पॅराडायक्लोरोबेन्झिन 2 टक्के, बेन्झोकेन 2.7 टक्के, क्लोरब्युटॉल 5 टक्के आणि टर्पेंटाइन तेल 15 टक्के. बेन्झोकेन जागा बधिर करतं, पॅराडायक्लोरोबेन्झिन आणि टर्पेंटाइन तेल घट्ट मळ सैल करतात. सैल होताना मळ आधी फुगू शकतो. थेंब मळ ओढून बाहेर काढत नाहीत, फक्त मऊ करतात. पुष्कळदा पुढचं काम डॉक्टरांच्या पिचकारीचं किंवा सक्शनचं असतं. मावशींनी आणखी चार दिवस थेंब घातले, मग कान धुऊन घेतला. नंतर येऊन म्हणाल्या, "कुकरची शिट्टी एवढी मोठी असते होय!"

दुसरा किस्सा फ्रीजमधल्या बाटलीचा. एका काकांनी ती काढली, तशीच कानात ओतली आणि घर गरगर फिरायला लागलं. गार द्रव कानात गेला की आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय ढवळून निघतं. म्हणून बाटली देताना आम्ही सांगतो: दोन-तीन मिनिटं मुठीत धरा, कुशीवर झोपा, थेंब घाला आणि पाचेक मिनिटं तसेच पडून राहा. गॅसवर मात्र गरम करू नका.

सातपूरच्या कारखान्यातला एक तरुण कानात कापसाचा बोळा घालून आला होता. बोळ्याची कड पिवळी पडलेली. "मळ साठलाय, थेंब द्या." विचारल्यावर कळलं, कान महिनाभर वाहतोय. त्याला बाटली दिली नाही, सरळ सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात पाठवलं. तपासणीत पडद्याला भोक निघालं. अशा कानात हे थेंब मधल्या कानापर्यंत उतरतात, आग होते आणि इजाही होऊ शकते. तीच गोष्ट लहान मुलांची. पोराने कानात वाटाणा घातला असेल तर ओलाव्याने तो फुगून आणखी घट्ट बसतो. बटणासारखी बॅटरी असेल तर एकही थेंब न घालता त्याच क्षणी डॉक्टर गाठायचे.

"सगळ्यात भारी कंपनीचं द्या" असं सांगणारे बरेच असतात. त्यांना खरं ते सांगायलाच हवं. कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या. थेंबांचा उपयोग होऊ शकतो, पण एका प्रकारचे थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. साध्या पाण्यापेक्षा किंवा सलाइनपेक्षाही नाही. मग उगाच महागडी बाटली कशाला गळ्यात मारायची?

गल्ल्याशेजारी इअरबड्सची डबी दिसते, ती उचलणाऱ्यालाही आम्ही टोकतो. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात, आणि तिथली कातडीच त्याला हळूहळू दाराकडे सरकवत असते. काडी त्याला उलट आत ढकलते आणि पडद्यावर नेऊन ठासते. लसूण घालून कढवलेलं तेलही नको: भाजण्याचा धोका, आणि दमट कानात बुरशी लागली तर दुखणं वेगळंच.

औषध देण्याआधी आम्ही विचारतो: कान वाहतो का, दुखतो का, कानाचं ऑपरेशन झालंय का, पडद्याला कधी भोक होतं का? गर्दीच्या वेळी लोक या प्रश्नांना कंटाळतात. तरी विचारणं सोडता येत नाही. एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने डॉक्टरांकडे गेलेलं बरं. आम्ही टाळलेली ती विक्री त्याचा कान वाचवू शकते.