बंदीनंतरचा टाका

कच्छमधील ढेबरिया रबारी समाजाच्या वडीलधाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास एक विलक्षण निर्णय घेतला. समाजातील स्त्रियांनी यापुढे स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करावयाचे नाही! ज्या समाजाची ओळखच आरशांच्या भरतकामाने होते, त्याने ती आपल्याच हाताने पुसावी, याचे नवल वाटते. परंतु कारण ऐकले की आपण निरुत्तर होतो. भरतकामाचा ठरलेला साज पूर्ण केल्यावाचून वधूची सासरी पाठवणी होत नसे. एकेका वस्त्राला महिना-दोन महिने लागत. लग्न होऊनही कित्येक मुली तिशी-पस्तिशीपर्यंत माहेरीच टाके घालीत बसत. आपल्याकडील रुखवत दोन दिवस मांडून ठेवावयाचे असते. येथे मात्र त्यावाचून संसाराचा आरंभच अडून राही.

पाबीबेन रबारी याच समाजातल्या. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले, शाळा चौथीत सुटली. आईबरोबर एक रुपया मजुरीवर लोकांच्या घरी पाणी भरणाऱ्या या मुलीच्या पदरी आईने घातलेली विद्या एकच, ती भरतकामाची. नेमकी तीच घरात वर्ज्य ठरली.

बंदी होती ती सुईच्या भरतकामावर. मग स्त्रियांनी बाजारातील तयार जरीच्या फिती आणि नागमोडी लेस शिवणयंत्रावर कापडाला जोडावयास आरंभ केला. रंगांची निवड आणि काठांची आखणी यांत जुनी नजर कायम राहिली, श्रम मात्र कितीतरी घटले. ‘हरी जरी’ नावाच्या या कामाशी पाबीबेनचे नाव आज जोडले गेले आहे. जुना टाका पाहिलेल्या डोळ्यांना ही चकाकी प्रथम उथळ वाटते, हे मी मान्य करते. पण त्या फितींनी कोणाची पाठवणी अडवली नाही.

पाबीबेनच्या लग्नाला आलेल्या परदेशी पाहुण्यांना त्यांनी स्वतः केलेल्या पिशव्या भेट दिल्या. त्या इतक्या आवडल्या की पुढे ‘पाबी बॅग’ हे नावच रूढ झाले. अंजार तालुक्यातील भादरोई गावी त्यांनी स्त्रियांना एकत्र करून स्वतःच्या नावाने व्यवसाय उभारला. ग्रामीण उद्योजिकेसाठीचा जानकीदेवी बजाज पुरस्कार त्यांना २०१६ साली मिळाला. त्यांच्या मालात आज हातचे भरतकामही आढळते. परंतु ते गिऱ्हाइकासाठी.