बॅसून वाद्याचा विकास आणि दुहेरी पत्तीची वाद्यपरंपरा

प्रस्तावना :
बॅसून हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील खर्ज स्वरांचे सुषिर वाद्य होय. महाराष्ट्रात ते मुख्यत्वे मुंबईतील सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (स्थापना २००६) यांसारख्या वाद्यवृंदांतून ऐकावयास मिळते. तथापि रचनेच्या दृष्टीने ते सनईचे सगोत्र आहे. दुहेरी पत्ती आणि क्रमाने रुंदावत जाणारी नळी ही दोहोंची समान लक्षणे होत.

ऐतिहासिक विकास :
सोळाव्या शतकातील डल्सियन हे बॅसूनचे पूर्वरूप. एकाच लाकडी ठोकळ्यात दोन समांतर छिद्रे पाडून ती तळाशी जोडलेली असत. सतराव्या शतकात वाद्य सुट्या भागांचे झाले. मोझार्टने १७७४ मध्ये बॅसूनसाठी कॉन्चेर्टो रचला. पुढे आल्मेनरेडर यांनी गॉटफ्रीड वेबर यांच्या ध्वनिशास्त्रीय विचारांच्या आधारे छिद्रांची फेरमांडणी केली आणि १८३१ मध्ये हेकेल यांच्यासह जर्मनीत कारखाना काढला. आजची जर्मन पद्धती त्यातूनच विकसित झाली.

कळांची आवश्यकता :
बॅसूनची नळी सुमारे अडीच मीटर लांब असल्याने योग्य जागची छिद्रे बोटांच्या आवाक्याबाहेर जातात. प्रारंभी ती जाड लाकडातून तिरपी पाडली जात. परंतु त्यामुळे स्वर असमान लागत. कळांनी ही अडचण बरीचशी दूर केली. सनईची नळी आखूड असल्याने छिद्रे थेट बोटांखाली येतात. ती अर्धवट उघडून मींड घेता येते. म्हणून कळांचा अभाव हे अविकसितपणाचे लक्षण मानता येत नाही.

स्थानिक संदर्भ :
कोरपना तालुका ज्या राजुरा तालुक्यातून निर्माण झाला, तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आदिलाबादच्या गोंड समाजाच्या दंडारीत ढोलासह वाजणारे पेप्रे हे सनईच्या जातीचेच वाद्य होय.

समारोप :
बॅसूनमधील सुधारणा ग्रंथांत व आराखड्यांत नोंदल्या गेल्या. त्यामुळे जुनी वाद्ये आज पुन्हा घडविता येतात. पेप्र्यासारख्या वाद्याचे ज्ञान मात्र प्रामुख्याने कारागिराच्या हातात आणि वादकाच्या श्वासात असते. ती परंपरा खंडित झाल्यास केवळ वाद्य पाहून ते ज्ञान परत मिळविणे कठीण. वनप्रदेशातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र, संगीत व मराठी विभागांनी एकत्र येऊन या वाद्यांची मोजमापे, पत्तीची घडण व वादनपद्धती नोंदविणे अगत्याचे आहे.